न बिघडलेल्या मशीनचं श्रेय कुणाला?

रानजाई | १२ मार्च, रात्री १०:४०

लोकहो, बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय. एरवी मी पाककृती आणि भटकंती वाचून गुपचूप निघून जाणारी. पण आज डोकं तापलंय आणि घरी कुणाला सांगून कळणार नाही, म्हणून इथे टंकतेय.

चाकणच्या एका व्हेंडर प्लांटमध्ये मेंटेनन्सला आहे, नऊ वर्षं झाली. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनतात. प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसच्या तीन लाइन, प्रत्येकीला एक इंजिनिअर. दोन नंबरची लाइन माझी. दोन वर्षांपूर्वी ती माझ्या गळ्यात पडली तेव्हा तिला सगळे पनवती म्हणायचे. दर पंधरवड्याला काहीतरी व्हायचंच, आणि बहुतेक वेळा हायड्रॉलिक्सचं, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या भागाचं. व्हॉल्व्ह अडकणं, पंप तापणं, सील फुटणं.

मी ऑइलच्या मागे लागले. दर तीन महिन्यांनी सॅम्पल लॅबला पाठवायला सुरुवात केली. पहिला रिपोर्ट बघून लाज वाटली, इतकं घाण ऑइल आम्ही फिरवत होतो. पावसाळ्यात टाकीच्या ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जायच्या तोंडातून) दमट हवा आत शिरते आणि ऑइलमध्ये पाणी उतरतं. म्हणून साधे ब्रीदर काढून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचे बसवले. फिल्टर किती तासांनी बदलायचा ते ठरवून टाकलं. सील फुटायची वाट न बघता रविवारी बदलायचे. ह्यात थरारक काहीही नाही, हे मलाही मान्य आहे.

तीन नंबरच्या लाइनवर जो आहे तो माणूस म्हणून चांगला. माझ्या डब्यातली भाजी हक्काने खातो. पण त्याच्या लाइनची प्रेस महिन्यातून दोनदा तरी रात्री बसते. मग हा घरून धावत येतो, पहाटे चारला प्रेस चालू, ऑइलने माखलेल्या हातांचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, आणि प्लांट हेडच्या टाळ्या.

परवा आमच्या साहेबांशी अप्रेझलचं, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचं, बोलणं झालं. फॉर्म २५ तारखेपर्यंत भरायचाय. ते म्हणाले, "तुझ्या लाइनला फारसा त्रासच नसतो ना, त्यामानाने तुझं काम हलकं आहे. दाखवण्यासारखं काहीतरी लिही." खवचटपणे नाही, अगदी प्रेमाने म्हणाले. त्यामुळे जास्त लागलं.

गेल्या वर्षी फॉर्ममध्ये मी एवढंच लिहिलं होतं: "दिलेली सर्व कामे वेळेत पूर्ण केली." आपल्या तोंडाने आपली स्तुती करतो तो मूर्ख, हे लहानपणी घोकून घेतलंय. आता जे बिघडलंच नाही ते दाखवायचं कसं?

---

आगाऊ कार्टं | १२ मार्च, रात्री १०:५८

सोपं आहे. महिन्यातून एकदा स्वतःच प्रेस बंद पाड आणि पहाटे चारला चालू कर. हाताला ऑइल लावायला विसरू नकोस, आणि फोटो आडवा काढ, उभा चांगला येत नाही.

---

सातचौदाची लोकल | १२ मार्च, रात्री ११:२०

आगाऊ, हसले, पण आमच्या ऑफिसात हे खरंच चालतं. लोकांकडे गेलेल्या सॉफ्टवेअरमध्ये बग सोडायचा आणि शनिवारी बसून तो "वीरासारखा" सोडवायचा. ज्याने आधीच नीट टेस्ट केलं त्याचं नाव कुणाला माहीत नसतं.

रानजाई, धागा वाचनखुणेत टाकलाय. माझाही फॉर्म कोराच आहे.

---

सीप्झचा म्हातारा | १३ मार्च, सकाळी ६:४५

मी १९९८ आणि ९९ अशी दोन वर्षं अंधेरीला सीप्झमध्ये वायटूकेच्या कामावर काढली. तरुण मंडळींसाठी सांगतो. जुन्या कोबोल प्रोग्रॅममध्ये साल दोन आकड्यांत लिहिलेलं असायचं, ९८, ९९. त्यापुढचं ०० आलं की मशीनला ते १९०० वाटणार. व्याज, पेन्शन, विम्याची मुदत, सगळ्याचा घोळ. आम्ही एकेक ओळ चाळून तारखा शोधायचो. हजारो प्रोग्रॅम. डोळे गेले, चष्मा लागला.

३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री सगळी टीम ऑफिसात. बारा वाजले. काही झालं नाही. वडापाव खाल्ले आणि पहिल्या लोकलने घरी आलो.

आणि आठवड्याभरात सुरू झालं: "बघा, काहीच झालं नाही, उगाच बाऊ केला होता." आमचे मेहुणे अजून प्रत्येक लग्नात हा विषय काढतात. काही होऊ नये म्हणून तर दोन वर्षं घासली होती! पंचवीस वर्षं झाली, मला अजून मेहुण्यांना पटवता आलेलं नाही. तेव्हा ताई, तुझ्या साहेबांवर फार रागावू नकोस. माणसाला आवाज ऐकू येतो, शांतता ऐकू येत नाही.

---

नाइलाजाने मॅनेजर | १३ मार्च, सकाळी ९:१०

टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो. शिव्या पडतील, चालेल.

माझ्याकडे अकरा माणसं आहेत. मार्चअखेर फॉर्म येतात तेव्हा वर्षाचं क्लोजिंग, बजेट आणि ऑडिट सगळं एकदम अंगावर असतं. अकरा जणांचं वर्ष मी तीन संध्याकाळींत लिहितो. मला खरं आठवतं ते फेब्रुवारीपासूनचं. मागच्या जूनमध्ये कुणी जीव काढून काय केलं, ते त्यालाच आठवत नसतं, मला कुठून आठवणार?

पण खरी गंमत पुढे आहे आणि ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते. मी दिलेलं रेटिंग अंतिम नसतं. आम्ही सात-आठ मॅनेजर एका खोलीत बसतो. वर ठरलेलं असतं की अव्वल रेटिंग इतक्यांनाच. काही मोठ्या कंपन्यांनी ही भानगड सोडली, मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये जाहीरपणे बंद केली. आमच्याकडे नाव बदललं, खोली तीच. त्या खोलीत प्रत्येक नावाला मिनिटभर मिळतो. "मुलगी फार मेहनती आहे हो" असं मी म्हटलं की समोरचा म्हणतो, "माझा पण मेहनती आहे." संपला विषय. पण "हिच्या लाइनचे बंद तास एवढ्याचे एवढे झाले, आणि का झाले तेही हिने लिहून ठेवलंय" असं म्हटलं की सगळे गप्प बसतात.

म्हणजे रानजाई, तू तुझ्या साहेबांसाठी लिहीतच नाहीयेस. तुला ओळखतही नाही अशा माणसासमोर साहेबांना जे एक वाक्य बोलायचंय, ते तू त्यांच्या हातात द्यायचंय. खोलीत जाताना शिदोरी लागते, ती बांधून दे.

आणि हे मार्चमध्ये नाही करायचं. पुढच्या वर्षीपासून दर महिन्याला चार ओळींची मेल. जानेवारीपर्यंत आमच्या डोक्यात बरंचसं शिजलेलं असतं.

---

तिरकस | १३ मार्च, सकाळी ९:५२

म्हणजे काम पण आम्हीच करायचं, हिशोब पण आम्हीच ठेवायचा, तुमचं भाषण पण आम्हीच लिहून द्यायचं. मग मॅनेजरचा पगार कशाचा? माझ्या माणसाची लाइन बंद पडत नाही तर का पडत नाही, हा प्रश्न साहेबाला स्वतःहून पडायला नको?

---

नाइलाजाने मॅनेजर | १३ मार्च, सकाळी १०:०५

पडायला हवा. शंभर टक्के मान्य. मला पडत नाही हेही मान्य. माझ्या साहेबालाही पडत नाही.

---

तिरकस | १३ मार्च, सकाळी १०:०९

इतक्या लवकर मान्य केलंत तर भांडायचं कुणाशी?

---

जुना खर्डा | १३ मार्च, दुपारी ३:३०

मी जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालो. मराठवाड्यात तेहेतीस वर्षं. तुमच्या अप्रेझलला आमच्याकडे गोपनीय अहवाल म्हणत. नावातच सगळं आलं. प्रतिवेदन अधिकारी काय लिहितो, पुनर्विलोकन अधिकारी त्याखाली काय खरडतो, कळायला मार्ग नाही. शेरा प्रतिकूल असेल तरच कळवायचे. नुसतं "चांगला" लिहिलेलं असेल तर कळवत नसत, आणि पदोन्नतीला लागायचं "अतिशय चांगला". माणूस समजायचा आपलं छान चाललंय, आणि यादीत नाव नाही!

सीमा रस्ते संघटनेतल्या देव दत्त नावाच्या एका अभियंत्याचं नेमकं असंच झालं. पाच वर्षांपैकी एका वर्षी, १९९३-९४ ला, "चांगला" शेरा. त्यांना कधी कळवलाच नाही, आणि पदोन्नती हुकली. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १२ मे २००८ ला निकाल लागला की शेरा कसाही असो, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. पुढच्या वर्षी केंद्राने अख्खा अहवाल दाखवायचं परिपत्रक काढलं. एक "चांगला" शब्द केवढ्याला पडतो बघा. तेव्हा रानजाई, साहेब प्रेमाने "चांगलं काम आहे" म्हणाले तर त्यावर समाधान मानू नका. चांगलं म्हणजे किती, ते विचारून घ्या.

आता तुमच्या मूळ दुखण्याबद्दल. उन्हाळा आला की टँकरचा अहवाल रोज वर जायचा. किती गावं, किती वाड्या, किती टँकर. ज्याच्या तालुक्यात टँकर जास्त त्याची धावपळ जास्त, त्याचा पेपरात फोटो. माझ्या हाताखाली एक हातपंप दुरुस्तीवाला होता, दिवाळी झाली की डिसेंबर-जानेवारीतच सगळे पंप खोलून वायसर बदलून मोकळा व्हायचा. त्याच्या पट्ट्यात मे महिन्यात टँकर कमी. पण ज्या गावाला टँकर लागला नाही ते गाव कुठल्याच अहवालात नसतं!

मी एक केलं. त्याच्या पट्ट्यातल्या गावांची आदल्या तीन वर्षांची टँकरची यादी काढली आणि शेजारी चालू वर्षाची लावली. एक पान. ते पान घेऊन कार्यकारी अभियंत्यांसमोर बसलो. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा माणूस कोण आहे?" बस. ओळखपाळख एका पानाने झाली.

---

आगाऊ कार्टं | १३ मार्च, दुपारी ४:१२

काका, दंडवत.

अवांतर: बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही, असं आमची आजी म्हणायची.

---

जुना खर्डा | १३ मार्च, दुपारी ४:४०

आमच्याकडे हुलगे आणि गहू आहेत. बोलणाऱ्याचे हुलगे खपतात. माती कोण विकत घेईल?

---

आगाऊ कार्टं | १३ मार्च, दुपारी ४:४४

काका, पुण्यात जमिनीचे भाव बघितले नाहीत तुम्ही.

---

गोळीवाली | १३ मार्च, संध्याकाळी ७:१५

मी फार्मसीवाली. आम्हाला शिकवताना फ्रान्सिस केल्सी ह्या बाईंचं नाव हमखास येतं. १९६० मध्ये त्या अमेरिकेच्या औषध नियामक खात्यात नव्याने लागल्या होत्या. थॅलिडोमाइड नावाच्या औषधाला मंजुरी मागणारा अर्ज त्यांच्या टेबलावर आला. युरोपात ते औषध आधीपासून विकलं जात होतं. केल्सीबाईंना सुरक्षिततेचे पुरावे अपुरे वाटले, त्या पुन्हा पुन्हा माहिती मागत राहिल्या. कंपनीचे लोक खेटे घालत होते, वर तक्रारी करत होते. म्हणजे त्या वेळी साहेबांच्या नजरेला बाई काम अडवणारीच दिसली असणार. १९६१ च्या शेवटी जर्मनीतून बातमी आली की गरोदरपणात हे औषध घेतलेल्या बायकांची मुलं हातपाय अर्धवट वाढलेली जन्मताहेत. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी केल्सीबाईंचा सन्मान केला.

हे लिहायचं कारण असं की अमेरिकेत काय टळलं ते फक्त जर्मनीकडे बघून कळलं. शेजारी दुसरा देश नसता तर बाई कायम "खडूस" म्हणून ओळखल्या गेल्या असत्या. न घडलेली गोष्ट एकटी दिसत नाही. ती शेजारी घडलेली असावी लागते, किंवा आधी घडून गेलेली असावी लागते. काकांनी टँकरच्या यादीत हेच केलं.

---

रानजाई | १३ मार्च, रात्री ११:०५

काय लिहू? दिवसभर लपून मोबाइलवर वाचत होते. सीप्झकाका, मेहुण्यांना माझा नमस्कार सांगा.

आज जेवणाच्या सुट्टीत ब्रेकडाऊनच्या नोंदी काढल्या. सुदैवाने शिफ्टच्या वहीत सगळं असतं. आदल्या वर्षी, एप्रिल ते मार्च, दोन नंबर लाइन ६१ तास बंद. यंदा आजपर्यंत १४. मला स्वतःला हा फरक माहीत नव्हता! काम करत होते आणि मोजत नव्हते.

तीन नंबरचे तासही वहीत आहेत. मोह होतोय, दोन्ही शेजारी लावायचा.

---

सातचौदाची लोकल | १३ मार्च, रात्री ११:१८

लावू नकोस. तो भाजी खाणारा उद्यापासून शत्रू. तुझी तुलना तुझ्याच लाइनच्या मागच्या वर्षाशी कर. ज्याला तीन नंबरचं बघायचंय तो आपोआप बघेल, वही सगळ्यांसाठी उघडी आहे.

---

तिरकस | १३ मार्च, रात्री ११:२५

मी तर लावलं असतं. म्हणून माझं प्रमोशन होत नाही बहुतेक.

---

रानजाई | १५ मार्च, रात्री ९:३०

पहिला मसुदा. ऑफिसात इंग्रजीत जाईल, इथे मराठीत टाकतेय. बिनधास्त फाडा.

"मागील आर्थिक वर्षात लाइन क्र. २ वर विविध सुधारणा करण्यात आल्या. नियमित ऑइल सॅम्पलिंग सुरू करण्यात आले. ब्रीदर बदलण्यात आले. सर्वांच्या सहकार्याने ब्रेकडाऊनमध्ये लक्षणीय घट झाली आहे."

---

आगाऊ कार्टं | १५ मार्च, रात्री ९:३६

करण्यात आल्या? कुणी केल्या, भुताने?

---

म्युनिकची माय | १५ मार्च, रात्री ९:५० (माझ्याकडे संध्याकाळ)

आगाऊने चेष्टेत बरोबर नस पकडली. शाळेत निबंध लिहिताना आणि घरात बोलतानाही आपल्या बायकांना "मी" वापरायची चोरी. "भाजी झाली", "पाहुण्यांचं झालं", "मुलांचं आवरलं". करणारी कुठेच नाही. तीच सवय मेलमध्ये उतरते. मी इथे आले तेव्हा माझ्या बॉसने मला सरळ विचारलं होतं, "तू सारखं 'आम्ही' म्हणतेस, ह्यातलं तुझं कुठलं?" पहिल्यांदा घाम फुटला होता.

इथली एक पद्धत सांगते, कदाचित उपयोग होईल. जर्मनीत नोकरी सोडताना कंपनीकडून लेखी प्रशस्तिपत्र मागायचा कायदेशीर हक्क आहे. त्याची भाषा मोठी गमतीची असते. वाईट लिहायचं नाही, म्हणून सगळं गोडच, पण त्यात सांकेतिक पायऱ्या. "नेहमीच आमचं परिपूर्ण समाधान होईल असं काम केलं" म्हणजे अव्वल. नुसतं "आमचं समाधान होईल असं काम केलं" म्हणजे जेमतेम पास! खर्डाकाकांच्या "चांगला" ची सख्खी बहीण.

आणि इथले शहाणे लोक बॉस बदलणार असं कळलं की लगेच मधलं प्रशस्तिपत्र मागून घेतात. कारण बॉस गेला की तुमची दोन वर्षं त्याच्या डोक्यातून त्याच्याबरोबर जातात. नवा बॉस तुम्हाला पहिल्या दिवसापासून मोजायला लागतो. भारतात असं पत्र नाही, पण जाणाऱ्या साहेबांना "सर, तुम्ही पाहिलंत त्यातलं थोडं मेलवर लिहाल का?" एवढं म्हणायला काय हरकत आहे? जाताना माणूस उदार असतो.

---

नाइलाजाने मॅनेजर | १६ मार्च, सकाळी ८:२०

मसुद्याबद्दल. "विविध", "नियमित", "लक्षणीय" हे तिन्ही शब्द त्या खोलीत कचऱ्यात जातात. ६१ आणि १४ हे दोन आकडे तुझ्याकडे आहेत आणि तूच ते मसुद्यात घातले नाहीस!

आणखी तीन गोष्टी. लाइन एक तास बंद पडली की किती रुपयांना पडते, हा आकडा अकाउंट्स किंवा प्रॉडक्शन प्लॅनिंगकडे असतो. त्यांच्याकडूनच घे, स्वतः अंदाजे गुणाकार करू नकोस. त्या खोलीत फायनान्सचा एक माणूस असतोच, आणि त्याला फुगवलेला आकडा मैलावरून वास येतो. एकदा पकडली गेलीस की उरलेलं खरंही खोटं ठरतं.

दुसरं, जे तुझं नाही ते आपणहून वगळ. ६१ मध्ये एखादी अपघाती गोष्ट असेल तर सांगून टाक. ह्याने विश्वास वाढतो, कमी होत नाही.

तिसरं, "सर्वांच्या सहकार्याने" काढ आणि ज्याने खरंच काही केलं त्याचं नाव घाल.

---

तिरकस | १६ मार्च, सकाळी ८:४१

मॅनेजरसाहेब, तुमची अकरा माणसं ह्या धाग्यावर नाहीत ना? असतील तर यंदा तुमच्या तीन संध्याकाळी पुरणार नाहीत.

---

रानजाई | १८ मार्च, रात्री १०:१५

अकाउंट्समध्ये गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "मेंटेनन्समधून हे विचारायला पहिल्यांदाच कुणी आलं." आकडा दिला, इथे टाकत नाही. पण तो बघून मीच खुर्चीत बसले. ब्रीदर आणि लॅबचा वर्षाचा खर्च त्याच्यापुढे चहापाण्याइतका आहे.

आणि मॅनेजरदादा, तुमचं खरं निघालं. ६१ मधले ९ तास एक मोटर जळाली होती त्याचे. त्याचा माझ्या ऑइलशी काही संबंध नाही. वगळले.

दुसरा मसुदा:

"लाइन २ आदल्या वर्षी ५२ तास बंद होती (मोटर जळाल्याचे ९ तास वेगळे), यंदा १४ तास. हायड्रॉलिक ऑइलमध्ये कचरा आणि पाणी जात होतं, हे मी लॅब रिपोर्टवरून शोधलं. ब्रीदर बदलले, फिल्टर आणि सील बदलायचं वेळापत्रक मी बसवलं. दोन्ही शिफ्टच्या ऑपरेटरांनी ऑइलची पातळी आणि तापमान रोज लिहिलं, त्यामुळे दोन बिघाड आधीच कळले. [इथे ऑपरेटरांची नावं.] वाचलेल्या तासांची किंमत अकाउंट्सच्या दराने सोबत जोडली आहे. हेच लाइन १ आणि ३ वर करता येईल."

"मी" दोनदा आलाय. टंकताना बोट अडखळत होतं.

---

सीप्झचा म्हातारा | १९ मार्च, सकाळी ६:३०

उत्तम. दुसरं वाक्य वाचून साहेबांना पुढचं वाचावंच लागेल. आमच्या वेळी असं कुणी लिहायला लावलं असतं तर मेहुण्यांचं तोंड बंद झालं असतं.

---

वॉर्ड नंबर सहा | १९ मार्च, दुपारी २:००

मी नर्स आहे. वाचून एक गोष्ट सांगाविशी वाटली. आमच्याकडे चूक घडली की रिपोर्ट होतो. पण चूक घडता घडता राहिली, म्हणजे चुकीचं इंजेक्शन भरलं होतं पण देण्याआधी कुणीतरी पकडलं, तर तेही लिहायचा फॉर्म बऱ्याच रुग्णालयांत असतो. भरत कुणी नाही, कारण वाटतं उगाच आपल्यावर येईल. मी तो भरायला लागले. सहा महिन्यांनी दिसलं की एकाच कपाटातल्या सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्यांमुळे चार वेळा घोळ होता होता राहिला होता. बाटल्या वेगळ्या खणात गेल्या. ते चार फॉर्म नसते तर "वॉर्ड सहामध्ये काही होत नाही" एवढंच राहिलं असतं.

तुझ्या ऑपरेटरांनी आधीच पकडलेले ते दोन बिघाड, ते वेगळे लिहून ठेव. तारखेसह.

---

रानजाई | १९ मार्च, रात्री ९:४५

हे डोक्यातच आलं नव्हतं. आजपासून वहीत नवीन रकाना: "पडणार होती, पडली नाही."

---

आगाऊ कार्टं | १९ मार्च, रात्री ९:५१

हा रकाना माझ्या बाइकसाठी पण हवा.

---

रानजाई | ९ जुलै, रात्री १०:३०

धागा वर काढतेय. सातचौदा, तू विपूत (विचारपुशीत) विचारलंस म्हणून.

पत्रं आली. माझं रेटिंग गेल्या वर्षीइतकंच. साहेब म्हणाले, तुझं पान खोलीत वाचलं गेलं, पण आकडे आधीच भरले होते. म्हणजे मॅनेजरदादा, तुमचं ते जानेवारीचं खरंच आहे. तीन नंबरवाल्याचं प्रमोशन झालं. पेढे दिले त्याने, खाल्ले. चांगले होते.

पण मे महिन्याच्या रिव्ह्यूला प्लांट हेडनी ते पान स्वतः पडद्यावर लावलं आणि मला उभं केलं. सात मिनिटं बोलले. आवाज पहिली दोन मिनिटं थरथरत होता. दोन्ही ऑपरेटरांची नावं घेतली तेव्हा मागे कुणीतरी शिट्टी मारली. आणि गेल्या आठवड्यात तीन नंबरवाला स्वतः आला: "ती ऑइलची शीट दे ना, आता रात्री उठवत नाही मला." दिली.

दर महिन्याच्या पाच तारखेला चार ओळींची मेल जातेय. जूनच्या मेलला साहेबांचं उत्तर आलं, एका शब्दाचं: "नोटेड." ते पण ठेवलंय.

आता नवं दुखणं. साहेब काल म्हणाले, "एवढं छान जमतंय तर तिन्ही लाइनचं ऑइल तूच बघ." काम तिप्पट, पगार तोच. ह्यावर वेगळा धागा काढू का?

---

तिरकस | ९ जुलै, रात्री १०:३८

मी सांगितलं होतं.

---

सातचौदाची लोकल | ९ जुलै, रात्री १०:४०

तू काहीच सांगितलं नव्हतंस.

---

जुना खर्डा | १० जुलै, सकाळी ७:०५

रानजाई, धागा मागाहून काढा. आधी तिन्ही लाइन तुमच्याकडे दिल्याचं साहेबांकडून लेखी घ्या. तारीख घालून. आणि आज त्या दोन लाइनचे बंद तास किती आहेत, तेही त्याच कागदावर लिहून ठेवा.